सही छापलेली की सही केलेली?

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी पथारीवर लाकडी टेनिस रॅकेट दिसली. लाकूड वाकू नये म्हणून लावतात त्या चौकटी प्रेसमध्ये आवळलेली, प्रेसच्या चार नटांपैकी एक गायब, गट, म्हणजे विणलेल्या तारा, दोन ठिकाणी तुटून लोंबत असलेली. गळ्याजवळ, म्हणजे फ्रेमचे दोन्ही हात येऊन दांडीला मिळतात तिथे, झोकदार तिरकी सही : जॅक क्रेमर.

"काका, खुद्द चॅम्पियनची सही आहे. विलायती माल. दोन हजार."

"तुम्ही बघितलं होतं का त्याला सही करताना?"

"मी कशाला बघतोय? पण सही आहे ना?"

साडेचारशेला सौदा ठरला. गंमत अशी, की विक्रेता खोटं बोलत नव्हता. सही क्रेमरचीच होती. फक्त तशीच्या तशी, त्याच वळणाची, त्याच जागची सही जगभर लाखो रॅकेटींवर आहे.

जुन्या रॅकेटी जमवणाऱ्यांचा पहिला पाय इथेच घसरतो. 'सहीची रॅकेट' हे नाव दोन वेगळ्या वस्तूंना लागतं. एक म्हणजे कारखान्यात सही छापून आलेली, दुसरी म्हणजे खेळाडूने स्वतः पेन हातात घेऊन सही केलेली. इंग्रजीत कंपन्यांनी पहिल्या प्रकाराला 'ऑटोग्राफ' हेच मॉडेलचं नाव देऊन टाकल्यामुळे घोळ आणखी वाढला. रॅकेटवर 'ऑटोग्राफ' असं छापलेलं असलं, तर समजा ती हमखास पहिल्या प्रकारातली.

क्रेमरचंच घ्या. १९४७ चा विम्बल्डन विजेता. त्या वर्षअखेरीस तो व्यावसायिक झाला. तेव्हा विम्बल्डनसारख्या स्पर्धांचे दरवाजे फक्त हौशी खेळाडूंना उघडे असत, ते व्यावसायिकांना उघडले १९६८ मध्ये. हौशी खेळाडूला आपल्या नावाचे पैसे उघडपणे घेता येत नसत. व्यावसायिकाला ती आडकाठी नव्हती. विल्सन कंपनीची 'जॅक क्रेमर ऑटोग्राफ' १९४० च्या दशकाच्या शेवटी बाजारात आली आणि पुढची तीसेक वर्षं विकली गेली. क्रेमरने कधीच खेळणं सोडलं होतं तरी त्याच्या नावाची रॅकेट दुकानात होतीच. पुढे मोठा झालेला अमेरिकन खेळाडू जॉन मॅकेन्रो कोवळ्या वयात, सुरुवातीला खेळला तोही क्रेमरच्याच नावाच्या एका विल्सन रॅकेटने. म्हणजे मॅकेन्रोने खरोखर वापरलेली रॅकेट सापडली, तरी तिच्यावर नाव दिसेल क्रेमरचं! छापील नाव वापरणाऱ्याबद्दल काही सांगत नाही. ते सांगतं कंपनीच्या विक्रीखात्याबद्दल.

आता ओळखायचं कसं? घरी आणल्यावर मी आधी सहीवरून नख फिरवलं. नख कुठेही अडलं नाही, कारण छापील सही वॉर्निशच्या खाली असते. लहानपणी कंपासपेटीवर पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं मिळायची, तोच प्रकार : पातळ पापुद्रा लाकडावर बसवायचा आणि वरून वॉर्निशचा हात द्यायचा. रॅकेट उजेडात तिरकी धरली तर त्या पापुद्र्याची कड अक्षरांभोवती पुसटशी दिसते. जुनं वॉर्निश पिवळं पडून तडकलेलं असेल, तर तडे अक्षरांच्या वरून जातात. काही मॉडेलांवर सहीबरोबर खेळाडूचा छोटा फोटोही असे. तो भिंगाखाली धरा, वर्तमानपत्रातल्या चित्रासारखे बारीक ठिपके दिसले की प्रश्न मिटला.

हातची सही वॉर्निशच्या वर बसलेली असते. वॉर्निशला शाई नीट धरत नाही, त्यामुळे ती कुठे जाड, कुठे तुटक, एखाद्या अक्षराशी ओघळलेली. रॅकेटची फ्रेम अरुंद आणि गोलसर, सही करायला अगदी गैरसोयीची जागा. म्हणून अक्षरं दबलेली, एकमेकांवर चढलेली येतात. अशी सही फारच सुबक, सरळ रेषेत दिसली तर मला उलट शंका येते. पेनाकडेही बघायचं. बॉलपेन अमेरिकेत विक्रीला आलं १९४५ मध्ये, फेल्ट टिपचे मार्कर रुळले साठच्या दशकात. १९३० च्या दशकातल्या रॅकेटवर मार्करची सही असेल तर ती खोटीच असेल असं नाही, पण ती त्या दशकात झालेली नाही एवढं नक्की. क्रेमर २००९ पर्यंत होता. म्हातारपणी कुणी समोर धरलेल्या जुन्या रॅकेटवर त्याने सही केली, तर ती सही अस्सल, पण त्या रॅकेटने तो खेळला होता असं त्यातून निघत नाही. लिलावाच्या जाहिरातीत नेमकी हीच उडी मारलेली असते.

खेळाडूने वापरलेली रॅकेट सहीवरून ओळखूच नये. ती ओळखायची वजनावरून, मुठीवरून, गटिंगवरून आणि मुख्य म्हणजे फोटोवरून. स्वीडनचा खेळाडू ब्यॉर्न बोर्ग याच्या नावाच्या डोने कंपनीच्या रॅकेटी दुकानात सर्रास मिळत. तो स्वतः वापरायचा त्या मुद्दाम बनवून घेतलेल्या, जड, आणि तारा ऐंशी पौंडांच्या घरात ताणलेल्या. इतक्या, की रात्री ठेवल्या जागी तारा तुटायच्या. शिवाय करारांमुळे अमेरिकेत काही काळ तो बॅनक्रॉफ्टच्या रॅकेटने खेळला आणि युरोपात डोनेच्या. एकच खेळाडू, एकच काळ, दोन कंपन्या. उद्या कुणी तुमच्यापुढे '१९६६ च्या डेव्हिस कप फायनलची रॅकेट' ठेवली, तर मेलबर्नला रामनाथन कृष्णन आणि जयदीप मुखर्जी यांनी दुहेरीत ऑस्ट्रेलियाच्या न्यूकोम-रोश जोडीला हरवलं त्या सामन्याचे फोटो आधी शोधा. फ्रेमवरच्या पट्ट्यांची रचना, गळ्याचा रंग, मुठीवरच्या चामड्याची लांबी जुळते का ते बघा. जुळलं, तरी तेवढ्याने 'त्या मॉडेलची' एवढंच सिद्ध होतं. 'तीच' म्हणायला एखादा ओरखडा किंवा डाग फोटोत आणि हातात, दोन्हीकडे दिसायला हवा.

हे झालं मोठ्या नावांचं. भारतातल्या टेनिसचा शोध घेणाऱ्याला या सगळ्यापेक्षा कामाच्या असतात त्या साध्या रॅकेटी, कुणाचीच छापील सही नसलेल्या. त्यांच्या दांडीवर कारखान्याचा ठसा असतो. ठशात 'सियालकोट' आणि त्यापुढे 'इंडिया' असं असेल, तर ती रॅकेट ऑगस्ट १९४७ पूर्वीची. फाळणीनंतर सियालकोट पाकिस्तानात गेलं आणि तिथले हिंदू-शीख कारागीर जालंधर, मेरठला येऊन बसले. ठशातला एक शब्द रॅकेटीला तारखेच्या अलीकडे किंवा पलीकडे नेऊन ठेवतो. क्रेमरची झोकदार सही एवढं सांगत नाही.

आणि अशा रॅकेटींवर तिसऱ्या प्रकारची सही असते : मालकाची. क्लबात सगळ्यांच्या रॅकेटी एकसारख्या, म्हणून दांडीवर किंवा प्रेसच्या आतल्या बाजूला शाईने नाव घातलेलं. विक्रेते ती घासून काढतात, 'खराब दिसतं' म्हणून. पॉलिश पेपर मारलेली रॅकेट मी हातात घेऊन परत ठेवतो. या नावांचा माग काढताना स्पेलिंगने फार छळतं. लीला राव, विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला, साल १९३४. आई पंडिता क्षमा राव, संस्कृत लेखिका आणि स्वतःही टेनिस खेळणाऱ्या. पण जुन्या निकालांत आर-ए-ओ शोधत बसलात तर मायलेकी सापडायच्या नाहीत. त्या आडनाव आर-ओ-डब्ल्यू असं लावत.

माझ्या क्रेमरच्या प्रेसमध्येही, नट काढल्यावर, आत तीन अक्षरं निघाली : के. आर. जी. खाली '५८'. रॅकेट घेऊन मी गटिंग करणाऱ्या अण्णांकडे गेलो. पन्नास वर्षं त्यांनी क्लबांच्या रॅकेटी विणल्यात. त्यांनी सहीकडे बघितलंच नाही. मूठ हातात फिरवली, चामड्याच्या पट्टीवर अंगठा चालवला.

"पट्टी उलटी गुंडाळलीय," ते म्हणाले. "डावखुरा होता हा. कारखान्यातून अशी येत नाही, मुद्दाम करून घेतलेली आहे. आमच्या वडिलांच्या वहीत असे फार नसतील. थांब, बघतो."

वही अजून माळ्यावर आहे. दिवाळीची साफसफाई होईपर्यंत शिडी काढायची नाही, असं वहिनींनी बजावलंय.