इंदूरचा नोटा: एका बटणामागचा इतिहास

मे २०२४ मध्ये इंदूर लोकसभा मतदारसंघात २,१८,६७४ मतं नोटाला, म्हणजे ‘यांपैकी कोणीही नाही’ या बटणाला, पडली. काँग्रेसच्या उमेदवाराने २९ एप्रिलला, म्हणजे अगदी शेवटच्या दिवशी, अर्ज मागे घेतला होता आणि मग काँग्रेसनेच नोटा दाबा म्हणून प्रचार केला. भाजपचे शंकर लालवानी पावणेबारा लाखांच्या फरकाने जिंकले. दुसऱ्या क्रमांकावर नोटा होता. इथून भाजपच्याच आठ वेळा खासदार झालेल्या सुमित्राताई महाजनांनीही तेव्हा जाहीरपणे सांगितलं की, नोटा दाबणार असं सांगणारे फोन आपल्याला आले. रामबाग, सुदामानगरातल्या मराठी घरांत ताईंचा शब्द मोठा, त्यामुळे ही गोष्ट साधी नव्हती.

हे बटण आलं कुठून? कागदी मतपत्रिकेच्या काळात कोणीच पसंत नसेल, तर कोरी पत्रिका घडी घालून पेटीत टाकता येई. मत बाद होई, पण कोणी टाकली ते कळत नसे. मतदान यंत्राने ही मुभा काढून घेतली.

यंत्राचा पहिला प्रयोग १९८२ साली केरळमधल्या परूरच्या ५० केंद्रांवर झाला. कायद्यात तरतूदच नव्हती म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो अमान्य केला. १९८८ मध्ये कायदा बदलला. १९९८ साली ज्या १६ विधानसभा मतदारसंघांत यंत्रं लागली, त्यांतले पाच मध्य प्रदेशातले होते. २००४ ची लोकसभा निवडणूक पूर्णपणे यंत्रावर झाली. बाद मतं संपली, दांडगाईने शिक्के मारणं अवघड झालं. हा फायदा खरा आहे.

पण मत द्यायचं नसेल तर नियम ४९-ओ प्रमाणे केंद्राध्यक्षाला तसं सांगून रजिस्टरात शेरा आणि सही करावी लागे. शेजारी बसलेले पोलिंग एजंट बहुतेक ओळखीचेच. त्यांच्यादेखत कोण सही करणार? पीयूसीएल या नागरी हक्कांच्या संघटनेच्या याचिकेवर २७ सप्टेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि त्याच नोव्हेंबरात मध्य प्रदेशच्या मतदाराला नोटाचं बटण मिळालं.

त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला व्हीव्हीपॅटचा, म्हणजे दिलेल्या मताची चिठ्ठी छापून दाखवणाऱ्या जोडयंत्राचाही निकाल आला. काचेमागे सात सेकंद चिठ्ठी दिसते, मग खाली पेटीत पडते. ज्याला ‘माझं मत गेलं कुठं?’ ही शंका आहे, त्याच्यासाठी हे सात सेकंद मोलाचे आहेत. सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी मात्र न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली.

एक दुखणं अजून तसंच आहे. यंत्रामुळे मोजणी केंद्रवार होते, त्यामुळे कोणत्या मोहल्ल्याने कोणाला मत दिलं ते तक्त्यात उघड दिसतं. पाणी, रस्ता, नाली यांसाठी नगरसेवकाच्या दारी जाणाऱ्या वस्तीला याची धास्ती वाटते, आणि ती रास्त आहे. अनेक केंद्रांची मतं एकत्र मोजणारा टोटलायझर वापरावा, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये दिला होता; विधी आयोगानेही २०१५ मध्ये तीच शिफारस केली. केंद्र सरकारने मात्र त्याला नकार दिला. माझ्या मते यंत्राबद्दलच्या सगळ्या वादांत ही मागणी सर्वांत आधी मान्य व्हायला हवी होती.