रिकम्बेंट सायकलच्या मागील सस्पेन्शनचा आवाज

रिकम्बेंट म्हणजे मागे रेलून, पाय पुढे पसरून चालवायची सायकल. अशा अनेक सायकलींच्या मागच्या चाकाला सस्पेन्शन असते. चाक धरणारा स्विंगआर्म एका पिव्हटभोवती, म्हणजे फिरत्या सांध्याच्या पिनभोवती, वरखाली होतो आणि त्याचा धक्का शॉकअप झेलतो. या जोडणीतून येणारी कुरकुर, टकटक किंवा खडखड नेमकी कुठली, हे शोधून ती थांबवण्याची पद्धत या नोंदीत दिली आहे.

साध्या सायकलवर खड्डा दिसला की माणूस सीटवरून जरा उठतो आणि धक्का गुडघ्यांवर घेतो. रिकम्बेंटवर उठताच येत नाही. धक्का थेट पाठीच्या कण्यात जातो. म्हणून इथे सस्पेन्शन ही चैन नसून गरज आहे. आवाजाचा त्रासही याच बैठकीमुळे वाढतो, कारण शॉकअप बहुधा सीटच्या लगेच खाली किंवा मागे असतो आणि सीटची चौकट तो आवाज पाठीपर्यंत आणून पोचवते. त्यातच फ्रेमची पोकळ नळी आवाज दूरवर नेते. सीटच्या क्लॅम्पची कुरकुर पिव्हटमधून आल्यासारखी वाटते आणि नीट चालणारा पिव्हट उगाच खोलला जातो.

पहिली चाचणी रस्त्यावर, पायडल थांबवून. नागपुरात ती काळजीने करावी लागते. शहरातले बरेच रस्ते आता सिमेंटचे आहेत आणि अशा रस्त्यांवर साधारण साडेचार मीटरवर आडवा सांधा असतो. ताशी २० किलोमीटर वेगाने जाताना मागचे चाक सेकंदाला सव्वा सांधा ओलांडते, आणि मिनिटाला ७५ फेऱ्यांनी पायडल मारणाऱ्याचे पायही सेकंदाला सव्वा फेरीच करतात. दोन्ही ठेके जुळतात. सांध्यावर वाजणारा सैल शॉकअप मग पायडलचाच दोष वाटतो आणि दुरुस्ती भलत्याच टोकाला सुरू होते. पायडल थांबवल्यावरही टकटक चालू राहिली तर दोष सस्पेन्शनकडे किंवा चाकाकडे. तीच चाचणी सांधे नसलेल्या सपाट डांबरी रस्त्यावर घ्यावी: टकटक बंद झाली तर सस्पेन्शन, चाकाच्या फेरीगणिक येत राहिली तर आरे किंवा हब. जोर लावल्यावरच आवाज येत असेल तर आधी चेन पाहावी. रिकम्बेंटची चेन साध्या सायकलीच्या दुपटीहून लांब असते, ती पुलीवरून आणि प्लास्टिकच्या नळीतून जाते, आणि ती नळी स्विंगआर्मला घासली तरी चुरचुरते.

दुसरी चाचणी घरी. एकाने सीट दाबून सायकल हेलकावावी, दुसऱ्याने सस्पेन्शनच्या एकेका सांध्यावर बोट आडवे ठेवावे, म्हणजे बोटाचा अर्धा भाग एका तुकड्यावर आणि अर्धा दुसऱ्यावर येईल. कान फसतो, बोट सहसा फसत नाही. सैल जागी बारीक टिचकी जाणवते. तरी समजले नाही तर फ्रेमला टेकू देऊन शॉकअपचे दोन्ही बोल्ट काढावेत आणि स्विंगआर्म हाताने हलवावा. तो वरखाली सहज फिरला पाहिजे, पण डावीउजवीकडे हलता कामा नये. बाजूला हलला तर पिव्हटचा बुश, म्हणजे पिनभोवती बसणारी छोटी नळी, झिजला आहे. पिव्हट घट्ट असेल तर शॉकअपच्या टोकांचे बुश पाहावेत. झिजलेला बुश पुसून उजेडात धरला की एकाच बाजूला चकाकणारा पट्टा दिसतो. तिथेच भोक लंबगोल झालेले असते. शॉकअपचे पोट मात्र घरी उघडू नये, आत दाब असतो.

बुश चांगला असूनही कुरकुर येत असेल तर ती बहुधा धुळीची. उन्हाळ्याची धूळ ग्रीसमध्ये मिसळून काळा लगदा होतो आणि तो धातू घासत राहतो. वरून पातळ तेलाचा फवारा मारला तर चार दिवस शांतता मिळते, पण उरलेले ग्रीसही धुऊन जाते. सांधा खोलून, रॉकेलने पुसून, नवे ग्रीस भरणे हाच खरा उपाय. रबरी भागांना मात्र रॉकेल किंवा खनिज तेल लावू नये, रबर फुगते.

हवेच्या शॉकअपला ऋतूही लागतो. मे महिन्यात ४५ अंशांना भरलेल्या हवेचा दाब डिसेंबरच्या पहाटे १० अंशांना साधारण ११ टक्क्यांनी उतरतो. शॉकअप मग तळाला आपटतो आणि खड्ड्यात ‘धाड’ असा आवाज येतो. इथे पान्हा लागत नाही, पंप पुरतो.

आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने १९३४ मध्ये रिकम्बेंटला शर्यतींतून बाहेर काढले. तिचे सुटे भाग आजही नेहमीच्या दुकानात क्वचितच मिळतात. पिव्हटचा बुश मात्र अडवत नाही: व्हर्निअरने माप घेऊन तो हिंगणा एमआयडीसीसारख्या ठिकाणी लेथवर गनमेटलमध्ये (तांब्याच्या एका मिश्रधातूत) वळवून घेता येतो. माप जुन्या बुशवरून घेऊ नये, तो झिजलेला असतो. ते पिन आणि बुश ज्यात बसतो त्या भोकावरून घ्यावे. नवा बुश बसवल्यावर दोन-तीनदा सायकल चालवून झाली की बोल्ट पुन्हा तपासावेत, कारण धातू जागेवर बसताना पकड थोडी सैल पडते.