रजिस्टरातल्या बायका आणि बाकीच्या

बडोद्यात आमच्या महिला मंडळांच्या व्याख्यानांत एक वाक्य हमखास येतं: गर्भपात करून घेणाऱ्या बहुतेक गरीब, कमी शिकलेल्या, लग्न झालेल्या, पदरी दोन मुलं असलेल्या. कशावरून? तर सरकारी दवाखान्यातल्या नोंदींवरून! अहो, ही माहिती कायदेशीर गर्भपातासाठी त्या दवाखान्यात आलेल्यांची. गर्भपात करणाऱ्या सगळ्याजणींची नव्हे.

किरकोळ गोष्टी आधी उरकते. १९७१चा कायदा गर्भपाताला अटींसह परवानगी देतो, १९९४चा गर्भलिंग तपासणीवर बंदी घालतो. या दोन्हींची खिचडी करणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडलंय. आणि १८ पूर्ण झालेल्या बाईला नवऱ्याची सही लागत नाही.

आता खरा घोळ. २०१५ सालासाठी सहा राज्यांत पाहणी करून देशाचा अंदाज काढला होता. त्यात गुजरातही होतं. आकडा आला वर्षाला १.५६ कोटी गर्भपात. त्यातले दवाखान्यात झालेले, सरकारी आणि खाजगी मिळून, साधारण २२ टक्के. ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. मेडिकलवाला गोळ्यांचं किट देताना शिक्षण, मिळकत, मुलं किती, असं काही लिहून घेतो का? एसटी डेपोत उभं राहून 'बडोदेकर रेल्वेने जातच नाहीत' म्हणण्यातला हा प्रकार.

शिवाय सरकारी दवाखान्यात कोण येणार हे आधीच ठरलेलं असतं. अलकापुरीसारख्या श्रीमंत वस्तीतली बाई खाजगी डॉक्टरकडे जाते. सयाजी या इथल्या सरकारी हॉस्पिटलात छोटा उदेपूरच्या आदिवासी भागाकडूनही बायका येतात. मग तिथल्या तक्त्यात 'ग्रामीण, अल्प उत्पन्न' भरपूर दिसलं, तर त्यातून सरकारी दवाखाना कुणाला गाठावा लागतो एवढंच कळतं.

'विवाहित' हा रकाना तर सगळ्यात फसवा. गर्भनिरोधक फसलं, हे कारण जुन्या कायद्यात फक्त विवाहितेला आणि तिच्या नवऱ्याला धरून लिहिलेलं होतं. लग्न न झालेल्या मुलीला दुसरं कारण दाखवावं लागे, नाहीतर नावामागे 'सौ.' लावून मोकळं व्हायचं. २०२१च्या दुरुस्तीत 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' असं आलं. २०२२ साली सुप्रीम कोर्टाने, गर्भ २० ते २४ आठवड्यांचा असताना काही ठराविक स्त्रियांना गर्भपाताची जी सवलत आहे तिच्यातून अविवाहितांना वगळता येणार नाही असं सांगितलं. त्यामुळे दुरुस्तीच्या आधीचे आणि नंतरचे आकडे एकाच तक्त्यात घालून 'अविवाहितांचं प्रमाण वाढलंय हो' असं कुणी सुरू केलं, की मी तिथेच हात वर करते.