पार्श्वभूमी: एफडीडीआय गेलं, ६२.५ मायक्रॉन राहिलं

ऐंशीच्या दशकात वर्कस्टेशनांच्या फाइली सर्व्हरवर गेल्या आणि १० मेगाबिटचं इथरनेट अपुरं पडू लागलं. एनएफएसचा (नेटवर्कवरून फाइली वाचण्याची पद्धत) ८ किलोबाइटचा ब्लॉक इथरनेटवर सहा तुकड्यांत जायचा. एक तुकडा हरवला की सगळा ब्लॉक पुन्हा मागवावा लागे. एफडीडीआय या फायबरवरच्या नेटवर्कची फ्रेम (एका वेळी जाणारं पाकीट) ४,५०० बाइटची, त्यामुळे तिथे दोन तुकड्यांत काम भागे. वेग १०० मेगाबिट आणि लगतच्या दोन स्टेशनांत २ किलोमीटरपर्यंत अंतर चाले. टोकन (पाठवण्याची पाळी देणारा संदेश) आणि स्टेशनांना जोडणारी दुहेरी रिंग आता जुन्या झाल्या. इमारतींत उरलं ते तेव्हा ओढलेलं फायबर.

फायबरचा गाभा (प्रकाश वाहणारा मधला भाग) ५० मायक्रॉनचा घ्यायचा की ६२.५ चा, हा खरा वादाचा मुद्दा होता. प्रकाशस्रोत १३०० नॅनोमीटरचा एलईडी, आणि दोन स्टेशनांमध्ये प्रकाशाची घट ११ डेसिबलपर्यंतच परवडायची. एलईडीचा प्रकाश पसरट. ५० च्या गाभ्यात तो ६२.५ पेक्षा ४ ते ५ डेसिबल कमी शिरतो, म्हणजे जवळजवळ निम्मी शिल्लक सुरुवातीलाच संपते. शिवाय बंद स्टेशनाला वळसा घालणारा ऑप्टिकल बायपास प्रत्येकी २.५ डेसिबलपर्यंत खाई. लागोपाठ तीन-चार स्टेशनं बंद असली की रिंग तुटायची. म्हणून ६२.५ हेच संदर्भ फायबर ठरलं. एलईडीपुरता हा निर्णय बरोबरच होता. चूक झाली ती ८५० नॅनोमीटरकडे दुर्लक्ष करण्यात: तिथे या फायबरची बँडविड्थ (वेग आणि अंतर यांच्या गुणाकाराची मर्यादा) अवघी १६० मेगाहर्ट्झ-किलोमीटर होती.

१९९८ मध्ये गिगाबिट इथरनेट आलं. १.२५ गिगाबॉडला (सेकंदाला १.२५ अब्ज स्पंद) एलईडी पुरत नाही, आणि स्वस्त लेझर मिळाला तो नेमका ८५० चा. जुन्या ६२.५ वर पल्ला २२० मीटरवर आला; चांगल्या ५० वर तोच ५५०. १३०० चा लेझर जोडावा, तर त्याचा बारीक झोत गाभ्याच्या मधोमध पडतो. तिथे निर्मितीतला अपवर्तनांकाचा दोष असतो, त्यामुळे पल्स फाटते. लिंक लागते, पण सीआरसी चुका (फ्रेमच्या तपासणीत सापडणाऱ्या) वाढत जातात. यावर उपाय मोड-कंडिशनिंग पॅच कॉर्ड: झोत केंद्रापासून थोडा बाजूला सोडणारी. तिची ऑफसेट बाजू ट्रान्समिटलाच लावायची. उलट लावली तर उपयोग शून्य. ५० आणि ६२.५ साठी ही कॉर्ड वेगवेगळी.

१० गिगाबिटला ८५० वर या फायबरचा पल्ला २६ मीटर. २००६ मध्ये एलआरएम हा वेगळा प्रकार आणावा लागला, रिसीव्हरमध्ये इलेक्ट्रॉनिक अपस्करण-सुधारणा (पसरलेली पल्स सावरणारी) घालून, तेव्हा कुठे २२० मीटर मिळाले. त्याच वेगाला ८५० वर ओएम-३ (लेझरसाठी सुधारलेलं ५० मायक्रॉनचं) फायबर ३०० मीटर देतं, तेही साध्या मॉड्यूलवर.

जुन्या शाफ्टमध्ये काम करताना जॅकेटच्या रंगावर विसंबू नये: ओएम-१ (६२.५) आणि ओएम-२ (५०) दोन्ही केशरी असतात. छापलेला ६२.५/१२५ किंवा ५०/१२५ (गाभा/आवरण) हा आकडा वाचावा. ६२.५ मधून ५० मध्ये जाणारा जोड वर सांगितलेले ४ ते ५ डेसिबल खातो, उलट दिशेला जवळपास काहीच नाही. म्हणून पॉवर मीटर दोन्ही टोकांकडून लावावा.