पटावरचे दाणे आणि ६४१

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही गोष्ट फिरत फिरत पुन्हा माझ्या फोनवर आली. खाली एकूण दाणे दिले होते: १८४४६७४४०७३७०९६०००००. हे उत्तर चूक आहे, आणि ते ओळखायला बेरीजही करावी लागत नाही. पहिलं घर सोडलं तर प्रत्येक घरातले दाणे सम आहेत. त्यांत तो एकटा दाणा मिळवला की बेरीज विषमच येणार. एक्सेल १५च अंक सांभाळतं आणि पुढे शून्यं भरतं. ती तिथूनच आली असावीत.

खरी संख्या १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथातली स्थानांची नावं परार्धावर, म्हणजे एकावर १७ शून्यांवर, थांबतात. इथे १८४ परार्ध भरून वर उरतात!

हिच्या अंकांची बेरीज ८७, मग १५, मग ६. अंकज्योतिषवाले असाच 'शुभांक' काढून देतात. ती नुसती ९ने भागल्यावरची बाकी आहे. नशिबाशी तिचा काडीचाही संबंध नाही.

मला मात्र या संख्येचं पोट उघडून बघायला आवडतं. १ + २ + ४ = ७, म्हणजे ८ला एक कमी. तसंच ६४ घरांची बेरीज म्हणजे २चा ६४वा घात वजा १. आता शाळेतलं सूत्र घ्या: अ² − ब² = (अ − ब)(अ + ब). ६४व्या घाताचे दोन तुकडे पडतात, ३२वा घात वजा १ आणि ३२वा घात अधिक १. वजावाला तुकडा पुन्हा फुटतो, पुन्हा फुटतो. शेवटी हाती येतं:

३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७

पहिल्या पाचही मूळ संख्या आहेत. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला वाटलं, सहावीही तशीच असणार. १७३२मध्ये ऑयलर या गणितज्ञाने तिला फोडलं: ६४१ × ६७,००,४१७.

६४१ का, ते सावकाश पाहा. ६४१ = ५ × १२८ + १, आणि १२८ म्हणजे २चा ७वा घात. म्हणून ५ × १२८ला ६४१ने भागलं की बाकी −१, म्हणजे पूर्ण भाग जायला एक कमी. चौथा घात घेतला की ६२५ × (२चा २८वा घात) याची बाकी १. पण ६२५ = ६४१ − १६, म्हणून ६२५च्या जागी −१६ चालतं. १६ म्हणजे २चा चौथा घात. तो २८व्यात मिसळला की ३२वा. म्हणजे उणे ३२व्या घाताची बाकी १, आणि ३२वा घात अधिक १ याची बाकी शून्य. एकही लांबलचक भागाकार न करता!

याच साच्यातली (२चा १, २, ४, ८, १६, ३२ असा दुप्पट होत जाणारा घात अधिक १), ६५,५३७च्या पुढची एकही मूळ संख्या आजवर कोणाला सापडलेली नाही.