अडगळ, घरगुती (भावनिक व मानसिक मुळे)

अडगळ : वापरात नसलेल्या, पण टाकूनही न दिलेल्या वस्तूंचा घरातील साठा. वाड्यातील माळा, पलंगाखालची ट्रंक आणि फ्लॅटमधील लॉफ्ट या तिच्या नेहमीच्या जागा. केराविषयी घराचा निर्णय झालेला असतो, अडगळीविषयी तो लांबणीवर पडलेला असतो. हा निर्णय का लांबतो, एवढाच येथे विषय आहे.

माणसाला ‘माझे’ म्हणता येते ते सारे त्याच्या ‘मी’चाच भाग असते, असे मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये मांडले. फ्रॉइड यांनी १९०८ मध्ये काटकसर, टापटीप व हट्ट यांचा संबंध बालपणातील शौचाच्या सवयींशी जोडला. या मताला आज केवळ ऐतिहासिक मूल्य उरले आहे. आधुनिक विवेचनाचा पाया मानसशास्त्रज्ञ रँडी फ्रॉस्ट व तमारा हार्टल यांच्या १९९६ च्या मांडणीने घातला. वर्गीकरण करण्यातील व निर्णय घेण्यातील अडचण, वस्तूंविषयीची ओढ, वस्तूंबद्दलच्या चुकीच्या धारणा आणि टाळाटाळ असे चार घटक त्यांनी सांगितले. टोकाच्या साठवणुकीला ‘संचयविकृती’ म्हणता येईल. मनोविकारांच्या अमेरिकन निदानपुस्तिकेच्या १९९४ च्या आवृत्तीत ती स्वतंत्र विकार नव्हती. २०१३ मध्ये तिला स्वतंत्र स्थान मिळाले. ती मंत्रचळाचाच (तेच विचार व त्याच कृती पुन्हापुन्हा होण्याच्या विकाराचा) प्रकार आहे काय, हा वाद जुना आहे. मंत्रचळात मनात येणारे विचार रुग्णाला नकोसे वाटतात. साठवणाऱ्याला मात्र वस्तू जवळ असण्याने धीर वाटतो आणि क्लेश होतात ते टाकताना. त्यामुळे स्वतंत्र वर्गीकरण अधिक पटणारे आहे. २०१२ मधील एका मेंदूप्रतिमा अभ्यासात संचयविकृती असलेल्यांच्या मेंदूतील संबंधित भाग स्वतःच्या वस्तूंबाबत निर्णय घेताना अतिसक्रिय, तर परक्या वस्तूंबाबत मंद आढळले.

टंचाई सोसलेली माणसे वस्तू टाकत नाहीत, हा सर्वसाधारण समज. महाराष्ट्रात त्यासाठी १९७२ च्या दुष्काळाचा आणि रेशनवरील मिलोचा (परदेशी लाल ज्वारीचा) दाखला दिला जातो. २०११ मधील एका अभ्यासात मात्र संचयविकृतीचा संबंध भौतिक टंचाईशी आढळला नाही. आघातकारक प्रसंगांशी आढळला. टंचाईच्या आठवणीने काटकसर समजते. डबा टाकताना डोळे का भरून येतात, ते समजत नाही.

नाशिकच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत ही ओढ स्पष्ट दिसते. गीझर आला आणि तांब्याचा बंब माळ्यावर गेला. घंगाळ व हंडा त्याच्या मागोमाग गेले. भांड्याच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले असते : ‘चि. सौ. कां. हिस विवाहाप्रीत्यर्थ, मामाकडून’, आणि खाली सन. भांडी बाजारात ते मोडीत घातले की लोखंडी कड्या काढून, सांध्यांचे डाग व कल्हई यांची घट धरून वजनाचा भाव मिळतो. मामाला त्या तराजूत वजन नाही. मालकीची वस्तू विकताना माणूस अधिक किंमत मागतो, हे कानेमन, नेच व थेलर यांच्या १९९० च्या कपांच्या प्रयोगात दिसले. विकणाऱ्यांची अपेक्षा घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट होती. नाव कोरलेल्या भांड्याबाबत मालकीत नात्याचे देणेही मिसळते, म्हणून मोडीचा भाव अपमानासारखा लागतो. ओटीचे ब्लाउजपीस आणि संक्रांतीचे वाण यांची गोष्ट वेगळी : ते पुढे देण्यासाठीच ठेवलेले असतात, आणि देणे थांबले की गठ्ठा होतो. कपड्यांना पूर्वी बोहारीण आणि गोधडी या दोन वाटा होत्या. त्या अरुंद झाल्या आणि कपाट भरले.

आवराआवरीत चुका बहुधा क्रमाच्या होतात. सुरुवात पत्रे, फोटो किंवा दिवंगताच्या कपड्यांपासून केली की पहिल्याच तासाला काम थांबते. आधी झाकणे, रिकामे डबे, खोकी, मग कपडे, नंतर भांडी, आठवणींच्या वस्तू शेवटी. एका बैठकीत एकच ट्रंक, आणि प्रत्येक वस्तू हातात घेतली की तिची जागा तेव्हाच ठरवायची. ‘नंतर बघू’चा ढीग केल्यास तीच वस्तू ढिगाढिगांतून फिरत राहते. कागदांत खरेदीखत व सात-बारा उतारे प्रथम वेगळे काढावेत. ते जुन्या बिलांत मिसळलेले असल्याच्या भीतीपोटी सगळाच गठ्ठा कसर लागेपर्यंत जपला जातो. वर्गवारीआधी नवे डबे व रॅक आणणे म्हणजे अडगळीला जागा करून देणे होय.

सासूबाई गावाला गेल्या असताना माळा रिकामा करणे, हा सर्वांत घातक प्रकार. विश्वास तुटतो, उरलेल्या वस्तूंवरची पकड घट्ट होते आणि माळा पुन्हा भरतो. उपचारात म्हणूनच निर्णय व्यक्तीकडूनच घेतला जातो. २०१० मधील एका चाचणीत बोधन-वर्तन उपचाराची (विचार व सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या मानसोपचाराची) २६ सत्रे योजली होती.

तीव्रता ठरवण्यासाठी दिवाणखाना, स्वयंपाकघर व झोपण्याची खोली यांच्या वाढत्या पसाऱ्याच्या प्रत्येकी ९ छायाचित्रांची श्रेणी वापरतात. चौथ्या किंवा त्यापुढच्या चित्राशी खोली जुळल्यास तज्ज्ञांचा सल्ला घेणे इष्ट. आयुष्यभर टापटीप असलेल्या वृद्धाने एकाएकी साठवण सुरू केली, तर भावनिक कारणे शोधण्याआधी स्मृतिभ्रंशासाठी तपासणी करावी लागते.