बियांवरून झाडांची ओळख (कोकण किनारा)

पान, फूल हाताशी नसताना बीचा आकार, कवच आणि देठाची खूण पाहून झाड ओळखण्याची रीत. कोकणात तिची सुरुवात बोलण्यातच होते. फणसाची आठळी, आंब्याचा बाठा, चिंचेचा चिंचोका. आणि काजूच्या गावांत नुसते ‘बी’ म्हटले की ती काजूचीच.

नवशिक्याने रंगावर विसंबू नये. गुंजेच्या वेलीची बी लालभडक, तिला काळा डोळा असतो. रतनगुंज हा मोठा वृक्ष, त्याची बी चपटी आणि सबंध लाल. गुंज अतिशय विषारी आहे. फोडलेली किंवा भोक पाडलेली गुंज मुलांच्या हाती कधीही देऊ नये.

खरी साक्ष देठाच्या खुणेची. घोलवडच्या चिकूची बी घ्यावी : काळी, तुळतुळीत, चपटी आणि कडेला पांढरट लांब चीर. बी फळात चिकटलेली असते ती ही जागा. मोहाच्या बीवरही अशीच लांब खूण दिसते, कारण दोघे एकाच कुळातले. बकुळही त्याच कुळातली. तिची बी तपकिरी, तशीच चकचकीत, पण खूण बुडाशी आणि बारीक गोल. तिन्ही बिया तळहातावर शेजारी शेजारी ठेवल्या की नाते आणि भेद दोन्ही एकदमच कळतात. शिकायला याहून चांगला धडा नाही.

उधाण ओसरल्यावर पुळणीवरच्या कचऱ्यात सागरगोटे, गारंबी आणि उंडीच्या गोल बिया सापडतात. सागरगोटा करडा, गोटीसारखा टणक. निरखून पाहिले तर कवचावर बारीक रेघा दिसतात. गारंबीच्या शेंगा हातभर किंवा त्याहून लांब, बी मोठी, चपटी, गडद तपकिरी. या दोन्ही बियांच्या दोन डाळिंबींमध्ये, म्हणजे आतल्या दोन अर्ध्या भागांमध्ये, हवेची पोकळी असते, म्हणून त्या तरंगतात. तेव्हा बी सापडली तिथेच तिचे झाड असेल असे समजू नये. सागरगोटा रुजवायचा तर तो आधी दगडावर घासून कवच झिजवावे व पाण्यात भिजत ठेवावा. आठळीचे उलटे : ती सुकली की रुजत नाही, म्हणून लगेच पेरावी लागते.

खाडीतल्या कांदळाची सुटी बी मिळतच नाही. ती झाडावरच रुजते. फांदीला लोंबणारी लांब हिरवी ‘शेंग’ म्हणजे त्याचा कोंब.

बीवरून जात कळते, वाण कळेलच असे नाही. हापूसच्या बाठ्यापासून हापूसच मिळेल याची खात्री नसते, म्हणून कलम बांधतात. रातांब्याची, म्हणजे कोकमाची, बी हातात घेऊन झाड नर निघेल की मादी हेही सांगता येत नाही. त्यासाठी झाड फुलेपर्यंत काही वर्षे थांबावे लागते.